साम्बाल खाल्लं की अंगावर पित्त: मिरची की तेरासी?

सुराबायाकरीण

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या जूनपासून आम्ही सुराबायाला आहोत. माहेर सोलापूर. खर्डा-भाकरीवर वाढलेली आहे, त्यामुळे तिखटाची भीती मला कोणी घालू नये. इथे आल्यावर पहिले दोन महिने तर मजाच होती. सकाळी पेचेल, दुपारी पेन्येतान, रात्री रस्त्यावरच्या तंबूत काहीतरी तळलेलं, आणि सगळ्यांबरोबर साम्बाल, म्हणजे इथली मिरचीची चटणी.

मग एका दुपारी रूजाक चिंगुर खाल्लं. फळं, काकडी, टोफू, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), कांगकुंग (आपली नाळीची भाजी), आणि वर काळाकुट्ट पेतिस, म्हणजे कोलंबीचा आटवलेला दाट सॉस. चिंगुर म्हणजे गाईच्या नाकाचे तुकडे, ते मी काढायला सांगितले होते. वीस मिनिटांत कान तापले, तोंड लालबुंद, मानेला खाज, नाक चोंदलेलं. मनात म्हटलं, मिरची जास्त झाली.

दुसऱ्यांदा पाडांग पद्धतीच्या एका खानावळीत. संध्याकाळी सात वाजता तोंगकोल बालाडो खाल्ला, म्हणजे लाल मिरचीतला मासा. या वेळी डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड आणि रात्री दोनदा पळापळ. तिसऱ्यांदा शेजारणीकडे साम्बाल तेरासी (तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोलंबीची वडी) आणि कच्च्या भाज्या. तेव्हा फक्त मान खाजली, तीही थोडीच.

गंमत म्हणजे आयाम गेप्रेक, म्हणजे तळून मिरचीत ठेचलेली कोंबडी, आठ-आठ मिरच्या घालून खाल्लंय. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी काही नाही.

शेजारीण म्हणाली मासुक आंगिन, अंगात वारं शिरलंय, ये, नाण्याने पाठ घासून देते. इथले डॉक्टर म्हणाले माग, म्हणजे ॲसिडिटी, तिखट बंद करा. नेटवर शोधलं तर 'हिस्टामिन इनटॉलरन्स' सापडलं आणि त्याबरोबर एक यादी: टोमॅटो नको, वांगं नको, पालक नको, दही नको, शेंगदाणे नकोत, लोणचं नको. वाचून वाटलं, आता भात आणि मीठ एवढंच उरलं. कुणाला अनुभव आहे का? आणि तिखट सोडा असं सांगणाऱ्यांनी कृपया दुसरा धागा काढावा.

लोणचंभात

सोलापूरची माणसं आणि 'तिखट सोडा'! डॉक्टरांनी फी परत करायला हवी.

जवळाप्रेमी

अगं, तेरासी म्हणजे काय माहितीये का? आपला जवळा! तिकडे त्याला रेबोन म्हणतात. इवल्या कोलंबीची तीच जात. आपण तो उन्हात वाळवून डब्यात भरतो. ते मीठ घालून कुटतात, वाळवतात, परत कुटतात आणि आंबायला ठेवून वड्या पाडतात. माझा भाऊ जहाजावर होता, त्याने एकदा चिरेबोनची तेरासी आणली होती. त्या गावाचं नावच या रेबोनवरून पडलं असं तिथले लोक सांगतात. आईने पुडी उघडली आणि सरळ परसात नेऊन ठेवली. आम्ही सुकटवाले, तरी नाकाला रुमाल.

अंगावर पित्त उठलं तर आमच्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. चार आमसुलं भिजव, कुस्कर आणि चोळ. कशाने का उठेना, थंड वाटतं.

शंकासुर

हे सगळं अजिनोमोटो आहे. इंडोनेशियात त्याला मिचिन म्हणतात आणि चिमटीने नाही, चमच्याने घालतात. हिस्टामिन वगैरे हल्लीची फॅशन आहे. आधी ग्लूटेन होतं, आता हे.

पित्तशामक

मी नाशिकला प्रॅक्टिस करतो, ॲलर्जीचे रुग्ण रोज बघतो. ऑनलाइन निदान करत नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

शंकासुर, गेप्रेकच्या मसाल्यातही बहुधा मिचिन असतंच आणि ते यांना बाधत नाही. तेव्हा त्याला तूर्त सोडून देऊ.

मिरचीचं आधी. कॅप्सेसिन तोंडातल्या, नाकातल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. मेंदूला वाटतं भाजलं. म्हणून घाम, नाकाला धार, लाल चेहरा. हे सगळं जेवतानाच सुरू होतं आणि पाणी-भात झाला की अर्ध्या तासात ओसरतं. मानेला खाज, चोंदलेलं नाक, धडधड, जुलाब, हे उशिरा येऊन रेंगाळणारं प्रकरण वेगळं दिसतं.

आता हिस्टामिन. मासा, सोयाबीन, दूध अशा प्रथिनांच्या पदार्थांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. आंबवताना होतं, आणि मासा उन्हात पडून राहिला तरी होतं. एकदा तयार झालं की उकळून, तळून, भाजून, गोठवून जात नाही. वास आणि चवीवरूनही कळेलच असं नाही. आपल्या लहान आतड्यात डायअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, थोडक्यात डीएओ, ते खाल्लेलं हिस्टामिन मोडतं. मोरीसारखं समजा. रोजचं पाणी वाहून जातं. जाळी अर्धी तुंबली असेल तर दोन बादल्यांतच मोरी भरते. आणि कोणी टाकीच उपडी केली तर साफ मोरीसुद्धा तुंबते. जाळी तुंबते तो तुमचा दोष, ते इनटॉलरन्स. टाकी उपडी होते तो माशाचा दोष, त्याला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात, ती कुणालाही होते.

म्हणून तीन प्रश्न. एक, ताजी कोलंबी खाल्ल्यावर काही होतं का? दोन, तोंगकोलच्या रात्री नवऱ्याला काही झालं का? तीन, कुठली औषधं चालू आहेत?

सुराबायाकरीण

कोलंबी आठवड्यातून एकदा खाते, काही होत नाही. औषधं काहीच नाहीत. आणि नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, हो, त्या रात्री माझंही डोकं दुखत होतं, चेहरा तापला होता, पण तू एवढा गोंधळ घातलास की मी बोललोच नाही!

लोणचंभात

हा नवरा जपून ठेवा.

पित्तशामक

मग तोंगकोलचा निकाल जवळपास लागला. दोघांनी एकच मासा खाल्ला, दोघांना झालं. तोंगकोल ट्यूनाच्या घराण्यातला. ट्यूना, बांगडा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं, म्हणून बर्फ कमी पडला की हेच आधी बिघडतात. तोंगकोल खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या इंडोनेशियातही नवीन नाहीत.

आता थोडं गणित, कारण नेटवरच्या याद्या ते करत नाहीत. माशांसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम हिस्टामिन आहे, फिश सॉससाठी ४००. समजा तेरासीत किलोला ४०० आहे आणि तुम्ही ५ ग्रॅम खाल्ली, जी साम्बालमध्ये खूपच झाली. पोटात गेलं २ मिलिग्रॅम. आता समजा बिघडलेल्या तोंगकोलमध्ये किलोला ५०० आहे आणि तुम्ही १५० ग्रॅमचा तुकडा खाल्ला. पोटात गेलं ७५ मिलिग्रॅम. अभ्यासांत निरोगी माणसांना मुद्दाम ७५ मिलिग्रॅम हिस्टामिन पाजून बघितलंय, आणि त्यातल्याही काहींना त्रास झालेला आहे. वास तेरासीला येतो म्हणून संशय तिच्यावर जातो. पेतिस मात्र रूजाकमध्ये चमचे-चमचे घालतात, तिथे हिशोब बदलतो.

एक अट. हे गणित हिस्टामिनपुरतं. कोलंबीची खरी ॲलर्जी असेल तर त्यातलं प्रथिन शिजवूनही टिकतं, आणि मग चिमूटभर तेरासीही पुरे होते. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर यातलं काही झालं तर धाग्यावर लिहीत बसू नका. तिथे रुग्णवाहिकेचा नंबर ११९ आहे.

खारीबिस्कीट

औषधांबद्दल का विचारलंत? माझ्या सासऱ्यांना टीबीची औषधं चालू होती. बांगड्याचं तिखलं खाल्लं की चेहरा लाल, डोकं गच्च. घरात सगळे म्हणायचे औषधं गरम पडतात.

पित्तशामक

अगदी याचसाठी. टीबीच्या औषधांतलं आयसोनायझिड हे विकर दाबतं. ही जोडी जुनी आणि नोंदलेली आहे. श्रीलंकेत अशा रुग्णांना ट्यूनाजातीचा मासा खाऊन झालेला त्रास वैद्यकीय नियतकालिकांत आलेला आहे. असं होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं आणि तेवढे दिवस तो मासा टाळायचा. गोळ्या थांबवायच्या नाहीत. दारूही हेच विकर दाबते. त्यामुळे बालीला जाऊन बियर आणि तोंगकोल एकत्र घेणाऱ्यांनी तेरासीला शिव्या देऊ नयेत.

शंकासुर

ठीक, मासा मान्य. पण ही 'इनटॉलरन्स'ची टेस्ट कुठली? पाच हजार घेऊन डीएओची पातळी सांगणाऱ्या लॅब मीही बघितल्यात.

पित्तशामक

इथे तुमच्या बाजूने बोलतो. खात्रीची चाचणी नाही. रक्तातल्या डीएओवरून आतड्यात काय चाललंय ते विश्वासाने सांगता येत नाही. हिस्टामिन देऊन केलेल्या चाचण्यांतही त्याच माणसाला दर वेळी तोच त्रास होईल असं दिसत नाही. जर्मन भाषक देशांतल्या ॲलर्जी संघटनांचा मार्गदर्शक लेख आहे, त्यातही हेच आहे आणि सरसकट मोठ्या याद्या देऊ नका असंही आहे. त्यांची पद्धत सोपी आहे: १० ते १४ दिवस हिस्टामिनवाले पदार्थ बाजूला ठेवायचे, वही लिहायची, मग एकेक परत आणायचा. फरक पडला नाही तर निदान चुकलं, यादी फेकून द्यायची. जन्मभर भात-मीठ खायला कोणी सांगितलेलं नाही.

पासारबारू

जकार्तात १४ वर्षं झाली, थोडं माझ्याकडून.

पहिली गोष्ट, 'साम्बाल' हा एक पदार्थ नाही. आपण 'चटणी' म्हणतो तसं आहे ते. साम्बाल बावांग म्हणजे मिरची, लसूण किंवा छोटे कांदे, मीठ आणि वरून गरम तेल. गेप्रेकवर बहुतेक हेच असतं, म्हणून तुम्हाला झालं नसावं. मनाडोकडचं दाबू-दाबू म्हणजे मिरची, कांदा, टोमॅटो चिरून वर लिंबू, आपली कोशिंबीरच जणू. त्यातही तेरासी नाही. बालीचं साम्बाल माताह कच्चं असतं, गवती चहाचा कंद बारीक चिरून घालतात, सुरेख लागतं, पण त्यात बऱ्याचदा भाजलेली तेरासी असते. दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका.

'तान्पा तेरासी', म्हणजे तेरासीशिवाय, असं म्हणून उपयोग होतोच असं नाही. मावशी मान डोलावतात आणि सकाळी कुटून ठेवलेल्या पातेल्यातलंच वाढतात. पाटीवर साम्बाल दादाकान लिहिलं असेल तिथे जा. म्हणजे मागितल्यावर तुमच्यासमोर चोबेकवर (दगडी खलात) कुटून देतात. तिथे काय घाल, काय नको, हे सांगता येतं.

दुसरं, मासा. लामोंगानवाल्यांचे तंबू बघितले असतील, मासे-कोंबड्यांची चित्रं रंगवलेला पडदा लावलेले. तिथला लेले, म्हणजे मांगूरच्या जातीचा मासा, बऱ्याच ठिकाणी जिवंत आणून टबात ठेवतात आणि मागितल्यावर मारून तळतात. एसी हॉटेलातल्या तोंगकोलपेक्षा तो रस्त्यावरचा लेले मला जास्त भरवशाचा वाटतो.

पाडांगच्या खानावळींवर माझं प्रेम आहे. टेबलावर पंधरा वाट्या मांडतात आणि खाल्लेल्याचेच पैसे घेतात. पण काचेमागच्या थाळ्या सकाळी रचलेल्या असतात. म्हणून तिथे दुपारी बाराला जायचं, संध्याकाळी सातला नाही, आणि गेलात तर रेंदांग (मसाल्यात आटवलेलं मटण-बीफ) घ्यायचं, मासा नाही. विचारायचं असेल तर 'मासाक हारी इनी?', आज शिजवलंय का. लाजू नका, ते हसतात पण खरं सांगतात.

आणि 'तिदाक पेदास', तिखट नको, असं म्हटलंत तर मिरच्या शून्य येत नाहीत. पाच येतात.

सुराबायाकरीण

पासारबारू, तुम्ही आधी कुठे होतात! साम्बाल दादाकानच्या पाट्या रोज बघते, मला वाटायचं ते दुकानदाराचं नाव आहे.

गवतीचहा

मी शुद्ध शाकाहारी, योग्याकार्ताला सहा महिन्यांसाठी आहे. टेम्पे हाच माझा आधार. तेही आंबवलेलंच ना? बंद करू का?

पासारबारू

टेम्पे बुरशीने बांधतात आणि एक-दोन दिवसांत तयार होतं. वर्षभर मुरणाऱ्या सोया सॉसशी त्याची तुलना नको. केळीच्या पानातलं, त्याच दिवशीचं घ्या. मात्र जावामध्ये मुद्दाम जास्त पिकू दिलेलं टेम्पेही खातात, सेमांगित म्हणतात त्याला, वास उग्र. केदिरीकडचं साम्बाल तुम्पांग त्याचंच. पानात करडा-तपकिरी घट्ट रस्सा दिसला तर आधी विचारा. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर हिस्टामिनच्या आधी तेरासीची काळजी करा. कांगकुंगची साधी भाजीसुद्धा बऱ्याचदा तिच्याशिवाय करत नाहीत.

गवतीचहा

कांगकुंग मी सहा आठवडे खातेय. हे मला कळायला नको होतं.

जवळाप्रेमी

देव माफ करतो ग. न कळत खाल्लेला जवळा मोजत नाहीत.

आम्स्टेलवेनकर

इकडे नेदरलँड्समध्ये प्रत्येक गावात इंडोनेशियन 'टोको', म्हणजे दुकान, आहे. बरण्यांवर अजून जुनं डच वळणाचं स्पेलिंग असतं. साम्बाल उलेकच्या बरणीत मिरची, मीठ आणि काहीतरी आंबट एवढंच. साम्बाल बाजाकमध्ये मात्र तेरासी सापडते. मागचं लेबल वाचायची सवय लावली.

माझ्या बायकोला हाच त्रास आहे. इकडे डीएओच्या कॅप्सूल मिळतात, जेवणाआधी घ्यायच्या. दोन डब्या संपल्यावर तिने बारीक अक्षरं वाचली: डुकराच्या मूत्रपिंडापासून. आम्ही देशस्थ. घरात जो शांततेचा कालखंड आला तो विचारू नका. आता वाटाण्याच्या मोडांपासून केलेल्या आणल्यात. फरक पडतो का? ती म्हणते पडतो, मी म्हणतो डबी महाग आहे म्हणून पडतो.

एक गोष्ट लक्षात आली. गरोदरपणात तिचा त्रास पूर्ण गायब होता.

पित्तशामक

गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) हे विकर प्रचंड प्रमाणात तयार करते, त्यामुळे असं सांगणाऱ्या बायका भेटतात. कॅप्सूलचे अभ्यास छोटे आहेत, मी आग्रह धरत नाही. आणि कुणी 'सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) घेऊन रूजाक खाऊ का' विचारायच्या आत सांगतो: अधूनमधून त्रास झाल्यावर गोळी घेणं वेगळं, गोळीच्या जोरावर शंकास्पद मासा खाणं वेगळं.

सुराबायाकरीण

तीन आठवड्यांनी परत आले. वहीतलं लिहिते.

आधी इथल्या एका दुसऱ्या डॉक्टरांकडून त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घेतली. कोलंबी, मासे, शेंगदाणे सगळं निगेटिव्ह. मग १२ दिवस तेरासी, पेतिस, केचाप (सोया सॉस), तोंगकोल, सुके मासे, आदल्या दिवशीचं काही नाही. मिरची मात्र रोज, साम्बाल बावांग करून. कान एकदाही तापले नाहीत. सहाव्या दिवशी डोकं दुखलं, पण त्या दिवशी उन्हात दोन तास स्कूटरवर होते, त्यामुळे ते कुणाच्या खात्यावर टाकायचं कळेना.

नंतर एकेक. केचाप मानिस घालून नासी गोरेंग: काही नाही. तंबूतला लेले आणि समोर कुटलेलं साम्बाल तेरासी: काही नाही! दोनदा खाल्लं. पेतिसवालं रूजाक: अर्ध्या तासात कान गरम, मान थोडी खाजली. आठवड्याने परत खाल्लं, निम्म्या पेतिसचं, तर काहीच नाही. रावोन, म्हणजे तो काळ्या रश्शाचा गोमांसाचा प्रकार, नवरा खातो. मी फक्त रस्सा चाखला आणि नाक चोंदलं. त्यात क्लुवेक नावाचं बी असतं, ते कच्चं विषारी, राखेत पुरून आंबवून मग वापरतात. पण त्याच दिवशी मला सर्दीही होती. रावोनपुढे प्रश्नचिन्ह.

तोंगकोल परत खाल्ला नाही. बाजारात कम्बुंग मिळतो, म्हणजे चक्क आपला बांगडा, तो सकाळी सहाला जाऊन बर्फातला आणते आणि दुपारच्या आत संपवते. तो बाधला नाही.

शेजारीण अजून म्हणते मासुक आंगिन. एकदा पाठ घासून घेतली. लाल पट्टे उठले, पण झोप चांगली लागली.

शंकासुर

म्हणजे इनटॉलरन्स आहे की नाही?

पित्तशामक

एक वेळ बिघडलेला मासा, हे नक्की. बाकी पेतिस जास्त झालं तर सोसत नाही, एवढंच वही सांगते. त्याला मोठं नाव द्यायची मला घाई नाही. रावोन सर्दी गेल्यावर परत बघा.

लोणचंभात

ते सगळं ठीक. साम्बाल बावांगची कृती कुठाय?

सुराबायाकरीण

पंधरा लाल चाबे रावित (इथल्या छोट्या जहाल मिरच्या), लसणाच्या चार पाकळ्या, मीठ, किंचित साखर. जाडसर ठेचायचं आणि वर चार चमचे कडकडीत तेल ओतायचं. चर्र आवाज आला पाहिजे.

जवळाप्रेमी

अगं, हा तर आपला ठेचा!

सुराबायाकरीण

साखर सोडून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तिने पहिलं तेच विचारलं, साखर कशाला घातलीस.